‘प्रभूने मला दाखवलंय’ असं पास्टर म्हणाले, तर पुढे काय?

ताई, प्रभूमध्ये सलाम.

माझा जन्म कॅथलिक कुटुंबातला. कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर एका प्रार्थनेच्या संगतीला जायला लागले आणि तिथलीच झाले. बायबल स्वतः उघडून वाचायची गोडी मला तिथेच लागली. आता तिथे मी संडे स्कूल शिकवते, उपासनेत गाते. मध्यंतरी ऑफिसात बढती मिळाली, पण दुसऱ्या शहरात. पास्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, “प्रभूने मला दाखवलंय, तुझी सेवा इथेच आहे. गेलीस तर आशीर्वाद गमावशील.” हे बायबलमध्ये कुठे आहे असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी स्तोत्र १०५ मधलं ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ आणि इब्री १३:१७ काढून दाखवलं. घरी आई म्हणते, “चर्च सोडून आपापलं बायबल वाचायला गेलं की असंच व्हायचं. बायबल तुम्हाला दिलं कोणी? चर्चनेच ना?” पास्टर म्हणतात, कॅथलिक लोक माणसांच्या परंपरा मानतात, आपण फक्त वचन मानतो. रात्री प्रार्थना करून मी बायबल कुठेही उघडते आणि बोट ठेवते, पण रोज वेगळंच निघतं. शेवटचा शब्द कोणाचा मानायचा? महिनाअखेरीस ऑफिसला उत्तर द्यायचंय.

– तुमची एक वाचक

प्रिय भगिनी,

शेवटचा शब्द पवित्र शास्त्राचा. तुझे पास्टरही हेच म्हणतील, आणि आईला नीट विचारलंस तर तीही याच्या फार लांब नसेल. अडचण पुढेच आहे. शास्त्राचा अधिकार म्हणजे शास्त्र हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचा अधिकार, असं आपण नकळत समजून बसतो. वचन ऐकणाऱ्यावर जेवढं चालतं तेवढंच ते सांगणाऱ्यावरही चालतं. सांगणारा म्हणाला की ‘मला तपासू नका’, तर मग तिथे अधिकार त्याचा उरतो, शास्त्राचा राहत नाही. तुझ्या पत्रातलं मला हेच सगळ्यात जास्त खटकलं. बढतीला त्यांनी विरोध केला यात वावगं काही नाही. तू ‘कुठे लिहिलंय’ असं विचारलंस आणि उत्तरादाखल तुला गप्प करणारी दोन वचनं मिळाली, हे वावगं.

ती दोन्ही वचनं आधी वाचू या. स्तोत्र १०५ आठव्या ओवीपासून पंधराव्या ओवीपर्यंत सलग वाच, एकटी पंधरावी नको. तिथे अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांची आठवण आहे. ते मोजके होते, परके होते, या राष्ट्रातून त्या राष्ट्रात भटकत होते, पायाखालची जमीन त्यांची नव्हती. अशा माणसांवर देवाने कोणाला जुलूम करू दिला नाही, त्यांच्यासाठी त्याने राजांना धमकावलं, आणि राजांना सांगितलं, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.’ म्हणजे हे वचन दुबळ्यांच्या बाजूने सत्ताधाऱ्यांना ऐकवलेलं आहे. ते मंडळीतल्या सत्ता असलेल्या माणसाने प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ऐकवणं म्हणजे त्याची दिशाच उलटी करणं.

यामागची गोष्ट उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात आहे, तीही वाच. अब्राहामाने गरारात जाऊन आपली बायको बहीण असल्याचं सांगितलं. तिथला राजा अबीमलेख याने साराला नेलं. देव स्वप्नात येऊन राजाला म्हणाला, तिला परत दे, तो संदेष्टा आहे. इथवर स्तोत्रातलं संरक्षण आहेच. पण सकाळी काय झालं? अबीमलेखाने अब्राहामाला बोलावून सरळ विचारलं, तू आमच्याशी असं का वागलास? करू नये ते तू केलंस. आणि अब्राहामाला उत्तर द्यावं लागलं. ज्याला हात लावू नये असं खुद्द देवाने बजावलं, त्याला एक परधर्मी राजा तोंडावर जाब विचारतो आणि देव त्याला अडवत नाही. हात लावणं वेगळं, जाब विचारणं वेगळं. दावीदानेही शौल राजावर हात उचलायला नकार दिला, पण त्याच अध्यायात (१ शमुवेल २४) गुहेबाहेर उभं राहून त्याला त्याची चूक ऐकवली. पुढे नाथान संदेष्ट्याने दावीदाला ऐकवली, आणि अंत्युखियात पौलाने पेत्राला, तीही सगळ्यांसमोर.

इब्रीकरांस पत्र १३:१७ मात्र खरंच पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहायला सांगतं, ते मी पुसून टाकणार नाही. पण त्याच अध्यायातलं सातवं वचन सांगतं की हे पुढारी कोण: ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं आणि ज्यांच्या वागण्याचं फळ तुम्ही पाहू शकता. शिवाय सतराव्या वचनातच आहे की त्यांना हिशेब द्यायचा आहे. आणि पेत्र मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बजावतो की सोपवलेल्या लोकांवर धनीपण गाजवू नका, त्यांना कित्ता व्हा. त्यांनी वचन समजावलं तर आज्ञेत राहा. त्यांनी नोकरीबद्दल मत दिलं तर आदराने ऐक. या दोन गोष्टी एक नाहीत.

आता ‘प्रभूने मला दाखवलंय’ या वाक्याकडे येते. देव आजही माणसांच्या मनाशी बोलतो असं मानणाऱ्या मंडळीत तू आहेस, आणि त्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. पण ती श्रद्धा ज्या पुस्तकावर उभी आहे त्यात अशा प्रसंगाची जवळजवळ हुबेहूब हकीकत आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१. पौल यरुशलेमेला निघाला आहे. सोर गावातले शिष्य त्याला ‘आत्म्याच्या द्वारे’ सांगतात की जाऊ नकोस. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने शब्द तेच वापरले आहेत, म्हणजे ते लोक ढोंगी नव्हते. पुढे कैसरियात अगब नावाचा संदेष्टा येतो, पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि म्हणतो, ज्याचा हा कमरबंद आहे त्याला यरुशलेमेत असंच बांधतील. सगळे रडत विनवतात. आणि पौल जातो! तो त्यांना खोटं ठरवत नाही, अगबाशी वादही घालत नाही. त्यांचं ऐकतो, मनाशी तोलतो आणि आपल्या सेवेबद्दल त्याला जे पक्कं ठाऊक होतं त्यावर उभा राहतो. त्याहून मला भावतं ते त्या माणसांचं वागणं. पौल ऐकत नाही असं दिसल्यावर ते ‘प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो’ एवढं म्हणून गप्प राहतात. आशीर्वाद गमावशील असं त्याला कोणी म्हटलं नाही. बंडखोर ठरवलं नाही. त्यांच्यातले काही जण तर त्याच्या बरोबर यरुशलेमेपर्यंत गेले.

याची दुसरी बाजू १ राजे १३ मध्ये आहे आणि ती अंगावर काटा आणणारी आहे. देवाच्या एका माणसाला स्पष्ट आज्ञा असते की या ठिकाणी जेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही. एक म्हातारा संदेष्टा त्याला गाठून म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलं की तुला घरी घेऊन यावं. पुढच्याच वाक्यात लिहिलंय की तो खोटं बोलला. तो माणूस भुलला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. दुसऱ्याच्या दर्शनावर विसंबलो म्हणून त्याची जबाबदारी टळली नाही. तुझे पास्टर खोटं बोलताहेत असं मी सुचवत नाही. संडे स्कूल आणि गाणं सांभाळणारी मुलगी जाणार म्हटल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटलं असेल, आणि प्रार्थनेत ते वाईट वाटणंच त्यांना देवाचा आवाज वाटला असेल. प्रामाणिक माणसाचंही असं होतं. म्हणून तर पौलाने थेस्सलनीकाकरांना एका दमात दोन गोष्टी सांगितल्या: संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सर्व गोष्टींची पारख करा.

पौल स्वतः याबाबत किती काटेकोर होता ते १ करिंथ ७ मध्ये दिसतं. लग्नाबद्दल लिहिताना तो एका ठिकाणी म्हणतो, ही आज्ञा माझी नाही, प्रभूची आहे. दोनच वाक्यांनंतर म्हणतो, हे मी सांगतो, प्रभू नाही. आणि पंचविसाव्या वचनात कबूल करतो की याविषयी मला प्रभूची आज्ञा नाही, मी माझं मत देतो. ज्याची पत्रं आपण शास्त्र म्हणून वाचतो तो माणूस स्वतःचं मत वेगळं काढून दाखवतो. तुझ्या पास्टरांनाही एवढं करणं जड जाऊ नये. बिरुयातल्या लोकांनी तर पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात शोधून पाहिलं, आणि लूकने त्यांना त्यासाठी थोर मनाचे म्हटलं.

आता आईचं. तिच्या बोलण्यात निम्मं तरी खरं आहे आणि ते तू मान्य करावंस असं मला वाटतं. बायबल आकाशातून बांधणी होऊन पडलेलं नाही. नव्या कराराची नेमकी सत्तावीस पुस्तकं, तेवढीच, अशी आज उपलब्ध असलेली पहिली यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात आहे. पुढे कार्थेजच्या सभेने ३९७ मध्ये तीच पुस्तकं सांगितली. त्याआधीच्या पिढ्यांत दुसऱ्या शतकातला मार्सियनसारखा शिक्षक जुना करारच नको म्हणाला, आणि कोणती पत्रं उपासनेत वाचायची, कोणती नाही, हे मंडळ्या आपसांत ठरवत होत्या. हे सगळं मंडळीच्या आतच घडलं. ‘फक्त मी आणि माझं बायबल’ म्हणणाऱ्याच्या हातात जे बायबल आहे ते जपणारे, नकलून काढणारे, पुढे देणारे हात शेकडो वर्षांचे आहेत. मात्र माझं मत विचारशील तर, ही पुस्तकं निवडणारी माणसं आधीपासूनच त्या पुस्तकांच्या आज्ञेत जगत होती. आपण त्यांना अधिकार देतोय असं त्यांना वाटत नव्हतं. जो होताच तो त्यांनी ओळखला. इथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात खरा मतभेद आहे, आणि जुन्या कराराच्या यादीतही फरक आहेच: कॅथलिक बायबलमध्ये एकूण त्र्याहत्तर पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये सहासष्ट. तो वाद या पत्रात मिटायचा नाही.

पण पास्टर म्हणतात तसं कॅथलिक लोक वचन बाजूला ठेवून परंपरा मानतात, हेही खरं नाही. १५४६ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेली परंपरा दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारली. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये साफ म्हटलं की शिकवणारा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो वचनाचा सेवक आहे. उलट बाजूने आईलाही सांग की ‘फक्त शास्त्र’ याचा अर्थ ज्याने त्याने वाटेल तो अर्थ लावावा असा सुधारकांनी कधीच केला नव्हता. १५२१ मध्ये जर्मनीतल्या वर्म्सला सम्राटापुढे उभं राहून प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर म्हणाला की शास्त्राने किंवा स्पष्ट युक्तिवादाने मला पटवून द्या, माझा विवेक देवाच्या वचनाला बांधलेला आहे. ‘मला दर्शन झालंय’ असं तो म्हणाला नाही. त्याचा आधार सगळ्यांना उघडून पाहता येईल असा होता. उलट आपल्याला थेट आत्म्याकडून संदेश मिळतात म्हणणाऱ्यांशी तो पुढे फार कडाक्याने भांडला.

आणि एक गोष्ट मला तुझ्या घरात, जेवणाच्या टेबलावर, मोठ्याने वाचून दाखवावीशी वाटते. कॅथलिक चर्चची १९९२ ची धर्मशिक्षा (कॅटेकिझम) म्हणते की खासगी प्रकटीकरणं विश्वासाच्या ठेव्याचा भाग नाहीत आणि ती ख्रिस्तात झालेल्या प्रकटीकरणात भर घालू शकत नाहीत. सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा जाहीरनामा, जो कट्टर प्रोटेस्टंटांचा, तो म्हणतो की शास्त्रात काहीही वाढवायचं नाही, मग ते आत्म्याचं नवं प्रकटीकरण असो की माणसांची परंपरा. त्यातच पुढे आहे की विवेकाचा धनी एकटा देव आहे. आत्म्याची दानं आजही मिळतात असं मानणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्याही, उदाहरणार्थ असेम्ब्लीज ऑफ गॉड, आपल्या मूलभूत सत्यांत पहिलं स्थान शास्त्रालाच देतात. बाकी शंभर गोष्टींत भांडणारी ही तिन्ही घराणी इथे एकाच बाजूला आहेत. म्हणजे आई की पास्टर अशी निवड तुझ्यासमोर नाहीच. तुझ्या नोकरीबद्दल एका माणसाला झालेलं दर्शन तुझ्या विवेकावर आज्ञा म्हणून लादता येत नाही, हे आईचं चर्चही सांगतं आणि पास्टर ज्यांचा वारसा सांगतात ते लोकही सांगतात.

बोट ठेवायचं मात्र थांबव. तुझी तळमळ मला कळते. पण त्या पद्धतीत बायबल बोलत नाही, पानं बोलतात. चौथ्या शतकात मिलानच्या बागेत संत ऑगस्टिनने ‘उचल आणि वाच’ असा आवाज ऐकून रोमकरांस पत्र उघडलं, ही गोष्ट कोणीतरी तुला ऐकवेल. पण त्याच ऑगस्टिनने पुढे एका पत्रात स्पष्ट लिहिलं की संसारातल्या व्यवहारांसाठी शुभवर्तमानाच्या पानांवरून असा कौल घेणं आपल्याला पसंत नाही. सैतानालाही वचन तोंडपाठ होतं. मंदिराच्या टोकावर उभा करून त्याने येशूला स्तोत्र ९१ ऐकवलं, आणि येशूने ‘असंही लिहिलं आहे’ म्हणून जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन समोर ठेवलं. एका वचनाला दुसऱ्या वचनाने तोलता यायला सगळं पुस्तक माहीत असावं लागतं, आणि ते बोट ठेवून होत नाही.

मग बढतीबद्दल शास्त्र काय म्हणतं? काहीच नाही. हे ऐकून तुला रिकामं वाटेल. पण शास्त्र जिथे गप्प आहे तिथे त्याच्या तोंडी शब्द घालणं हाही त्याच्या अधिकाराचा अपमानच. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या रिचर्ड हूकर या धर्मपंडिताने हाच मुद्दा मांडला होता: प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला वचन हवंच असा हट्ट धरला की माणसं शास्त्राला हवं तसं वाकवू लागतात. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम, खरेपणा, पैशाच्या लोभापासून सावधगिरी, आईवडिलांचा मान, मंडळीचा सहवास न सोडणं, या चौकटीत राहून नोकरी कुठे करायची हे देवाने तुझ्या शहाणपणावर सोडलंय. ज्याला शहाणपण उणं वाटतं त्याने देवाकडे मागावं, असं नव्या करारातल्या पत्रात याकोब लिहितो. नीतिसूत्रं सांगतात की सल्लागार पुष्कळ असले तर बेत सिद्धीस जातात. तेव्हा पास्टरांचं ऐक, आईचं ऐक, आईच्या पॅरिशमधल्या फादरांशीही बोलून बघ. ऑफिसातल्या एखाद्या अनुभवी बाईला विचार की त्या शहरात एकटीला राहणं कसं आहे. नव्या ठिकाणी कोणत्या मंडळीत जाशील, हे आधीच शोध. तुझ्या प्रश्नांत मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तुझ्या पत्रात नेमका तोच नाही.

पास्टरांना एकदा भेट, एकटी नको. संगतीतल्या कोणातरी पोक्त, शांत बाईला बरोबर ने. मनात राग ठेवू नकोस. बायबलची गोडी तुला त्यांच्याच अंगणात लागली आहे. त्यांना एवढंच विचार: “पास्टर, हा तुमचा सल्ला आहे की देवाची आज्ञा? आज्ञा असेल तर आपण तो भाग मिळून वाचू या का?” ते म्हणाले की सल्ला आहे, तर त्यांचे आभार मान आणि गंभीरपणे विचार कर. कदाचित त्यांचं म्हणणं बरोबरही असेल, तू इथे राहावंस हेच चांगलं असेल. फक्त ते तुला पटायला हवं. बायबल उघडून तुझ्याबरोबर बसले, तर असा पाळक सोडून जाताना दहादा विचार कर. आणि भेटीनंतरच्या रविवारी नाव न घेता व्यासपीठावरून बंडखोरी आणि शाप यांवर उपदेश झाला, मुलांचा वर्ग काढून घेतला गेला किंवा मैत्रिणींना तुझ्याशी बोलू नका असं सांगितलं गेलं, तर बढती घे अथवा नको, ती संगत सोड. सोडल्यावर घरी एकटी बसू नकोस, जिथे वचन उघडून वाचलं जातं आणि प्रश्न विचारता येतो अशा दुसऱ्या मंडळीत लगेच जायला लाग.

ही भेट या आठवड्यातच उरकून घे. महिनाअखेर जवळ आलाय आणि नव्या शहराबद्दल चौकशी करायलाही चार दिवस हाताशी हवेत.

– ताई